सत्तावीस नंबरची निळी कड

१

बाबांना जाऊन शंभर दिवस झाले आणि त्याच दिवशी त्यांच्यावर खोटेपणाचा आळ आला.

फोन वाजला तेव्हा सुरुची विजयकर ठाकूरद्वारच्या ग्रंथालयात, तळमजल्यावरच्या आपल्या खोलीत, एका जुन्या पुस्तकाचं ओलं पान टीपकागदांत दाबून ठेवत होती. जुनी पुस्तकं दुरुस्त करणं हे तिचं काम. हात ओले, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला आणि लगेच पस्तावली, कारण पलीकडच्या टेबलावरच्या दोघी मुलींची कात्री थांबली.

"सुरुची, बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगते," मधुरा म्हणाली. "सरांचे आकडे जमत नाहीयेत."

"म्हणजे?"

"सत्तावीस नंबर आम्ही पुन्हा चालवला. तीच कृती, तेच मशीन. एकवीस दिवसांत काळा पडला. सरांच्या वहीत हजार तास जसाच्या तसा आहे. शुक्रवारी मला जर्नलला कळवावं लागेल, पेपर मागे घेतोय म्हणून."

"बाबांनी खोटं लिहिलं म्हणून?"

"कारण विचारतात गं ते. काहीतरी लिहावंच लागतं."

सुरुचीने हात पुसले. पान टीपकागदात राहिलं ते संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं.

बाबा, म्हणजे डॉ. मनमोहन विजयकर, निवृत्तीनंतर घरी बसले नव्हते. त्यांची जुनी विद्यार्थिनी मधुरा हिने लोअर परळला एका बंद मिलच्या आवारात 'वायुबंध' नावाची लहानशी प्रयोगशाळा काढली होती, तिथे ते सात वर्षं जात होते. सिमेंटच्या, खताच्या कारखान्यांच्या धुराड्यातून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तो वाटेतच धरायचा, हे तिथलं काम. धरणारा द्रव म्हणजे सॉल्व्हंट. बाबा जेवताना सांगत, "हा आपला हमाल समज. थंड असला की वायूचं ओझं उचलतो, तापवला की उतरवून ठेवतो, आणि रिकाम्या हाताने पुढच्या खेपेला निघतो. उचलतात सगळेच. टिकत कुणी नाही. धुरात ऑक्सिजन असतो, तो याला खातो. मग हा काळा पडतो आणि थकतो."

बाबांचा सत्तावीस नंबरचा सॉल्व्हंट थकत नव्हता. त्या उन्हाळ्यात बाबांच्या शर्टांना मासळीबाजार आणि अमोनिया यांच्या मधला कसलातरी वास यायचा आणि ते स्वयंपाकघरात शीळ घालायचे.

बाबा खोटं लिहिणार नाहीत, हे सुरुचीने स्वतःला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगताना तिला कपाट आठवलं. ते गेल्यावर चौथ्या दिवशी, इस्त्रीच्या शर्टांखाली, तिला एक फाइल सापडली होती. हृदयाची झडप निकामी होत चालली आहे, असं डॉक्टरांनी लिहिलेलं; तारीख वर्षापूर्वीची. वर्षभर हा माणूस तिच्यासमोर बसून जेवला, हसला आणि एक अक्षर बोलला नाही.

जो हे लपवू शकतो तो...

तिने वाक्य तिथेच सोडलं. पण शुक्रवारपर्यंत ते तिलाच पुरं करायचं होतं, एका बाजूने नाहीतर दुसऱ्या.

२

मंगळवारी सकाळी ती लोअर परळला पोचली तेव्हा दार गुणाजी पालवांनी उघडलं. प्रयोगशाळेतली सगळी यंत्रं जोडणारे, उकलणारे, धुणारे हात त्यांचे. वय साठीला टेकलेलं. त्यांचे वडील याच आवारात, याच मिलच्या साचेखात्यात मागावर होते. बाबांच्या तिरडीला पुढून खांदा दिला होता तोही गुणाजींनीच.

"इलात, ताई? या. च्या टाकतो," एवढं म्हणून ते आत वळले. तिच्याकडे त्यांनी धड पाहिलंही नाही. शंभर दिवसांत बरीच माणसं तिच्याकडे धड पाहीनाशी झाली होती. तिने ते मनावर घेतलं नाही.

अर्णव मशीनपाशी उभा होता. तिशीच्या आतला, बाबांच्या हाताखाली तीन वर्षं काम केलेला. मनगटात तांब्याचं कडं, डोळ्यांखाली काळं.

"ताई, तुम्ही विचारायच्या आधी मीच विचारतो. मी बिघडवलं का?"

"बिघडवलंस?"

"नाही. पण सगळ्यांना तसं वाटायला हरकत नाही. एकतीस नंबर माझा आहे. सत्तावीस पडला की माझा पुढे जातो. परवा बायकोने माझ्यासाठी दिलेला डबा घेऊन गुणाजीकाका आले, तर मला वाटलं तेसुद्धा माझ्याकडे तसंच बघतायत."

"कडं आजीचं?"

"आईने घातलंय. सांधे दुखतात म्हणून. माझे नाही, तिचे." तो पहिल्यांदा हसला. "लॅबमध्ये काढून ठेवतो. सरांचा नियम होता. आज मशीन रिकामं आहे म्हणून हातात."

मशीन माणसाच्या उंचीचं. काचेचा उभा खांब, त्यातून वर नकली धूर चढायचा आणि खाली सॉल्व्हंट उतरायचा. शेजारी तापवायचं भांडं. आणि खाली वीस लिटरची स्टीलची टाकी, जाड झाकणाची. अर्णवने सांगितलं, यात स्टील, काच आणि टेफ्लॉन याशिवाय काही नाही. टाकी भरायची, झाकण आवळायचं, चालू करायचं. नमुना खालच्या नळातून काढायचा. झाकणाला हात लावायचा नाही, नाहीतर हवा आत जाते.

"आणि हे सरांचं," असं म्हणत त्याने ड्रॉवरमधून दोन लांब पट्ट्या काढल्या.

सुरुचीला त्या पाहताच ओळख पटली. फिल्टर पेपरची पट्टी, रोज सकाळी तीवर सॉल्व्हंटचा एक थेंब, शेजारी पेन्सिलीने तारीख. कॉम्प्युटरवर ढीगभर आलेख निघत असताना बाबा हे करायचे. डोळ्याला दिसलं की मन थाऱ्यावर राहतं, म्हणायचे. पहिली पट्टी त्यांची, उन्हाळ्यातली: बेचाळीस थेंब, पहिल्यापासून शेवटापर्यंत फिक्या गवती चहासारखे. दुसरी पट्टी अर्णवची, खंडेनवमीपासूनची: एकवीस थेंब, फिके, मग पिवळट, मग खाकी, मग जळलेल्या साखरेसारखे.

"सर गेल्यावर मीच चालू ठेवलं," अर्णव म्हणाला. "बाकी काही करता येत नव्हतं."

सुरुचीने पर्समधून भिंग काढलं. कागदावरचे डाग वाचण्यात तिची वीस वर्षं गेली होती. द्रव कागदावर पसरतो तेव्हा बरोबर जे जे असतं ते सगळं सारखं पुढे जात नाही. कुणी मध्येच बसतं, कुणी काठापर्यंत जातं. डागाच्या मध्यावर काय झालं ते सगळ्यांना दिसतं. डाग कुठून आला ते काठाला विचारायचं असतं.

बाबांच्या बेचाळीस थेंबांचे काठ स्वच्छ होते. अर्णवच्या पहिल्या थेंबाचाही स्वच्छ. दुसऱ्याला केसाएवढी कड होती. तिसऱ्याला जरा ठळक. सहाव्याला तर भिंगाशिवायही दिसेल, बघायचं ठरवलं तर. नवव्यानंतर खाकी रंगाने ती गिळून टाकली होती.

"अर्णव, ही निळी कड कसली?"

"कुठली निळी?"

त्याने भिंग घेतलं. बराच वेळ तो वाकलेलाच राहिला. सरळ झाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

३

उत्तर दोघांनाही माहीत होतं, दोन वेगवेगळ्या वाटांनी. सुरुचीकडे जुन्या पोथ्या येत, हिरव्या चौकटीच्या. तो हिरवा तांब्यापासून केलेला असला की शे-दीडशे वर्षांत चौकटीखालचा कागद चौकटीच्याच आकारात झिजून जातो आणि मधलं पान हातात गळून पडतं. अर्णवला रसायन ठाऊक होतं: अशा सॉल्व्हंटमध्ये तांबं विरघळलं की गडद निळं होतं, आणि मग ऑक्सिजनला सॉल्व्हंट खाणं दसपट सोपं जातं.

"आम्ही लोखंड तपासलं, क्रोमियम, निकेल तपासलं," तो पुटपुटला. "मशीनमध्ये जे आहे तेच शोधलं. तांबं या खोलीत आहेच कुठे, म्हणून ते कुणाच्या डोक्यात आलं नाही."

एकविसाव्या दिवसाचा नमुना फ्रीजमध्ये होता. बुधवारी दुपारी त्याचा निकाल आला. तांबं होतं, आणि थोडंथोडकं नव्हतं.

म्हणजे बाबांच्या वहीतलं खरं असू शकत होतं. असू शकत होतं, एवढंच. मधुराने निकालाचा कागद दोनदा वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला. कागदाशेजारी तिची पाण्याची बाटली होती. तांब्याची, लखलखीत.

सुरुचीची नजर तिथे गेली हे मधुराच्या लक्षात आलं.

"बघ, बघ. हल्ली सगळ्यांकडे असते. आणखी सांगू? सत्तावीस नंबरवर निम्मा हक्क सरांचा आहे, सरांमागे तुझा. एकतीसवर सगळा आमचा. नवमीच्या दिवशी संध्याकाळी चार वाजता मी एका परदेशी कंपनीच्या माणसाला मशीन दाखवायला आणलं होतं, त्यांना लॅब विकत घ्यायचीय. संशय घ्यायला माझ्याइतकं सोयीचं माणूस तुला सापडायचं नाही."

"घेऊ?"

"घे की." मधुराने बाटली बाजूला सरकवली. "माझ्या प्रबंधाच्या वेळी माझे वडील आजारी होते. सरांनी चार महिने माझे प्रयोग स्वतः चालवले आणि वहीत माझं नाव लिहिलं. त्यांचा पेपर मागे घेतोय हे वाक्य मी अकरा वेळा लिहून पुसलंय. पण कुणीतरी टाकीत तांबं टाकलं, एवढ्यावर मी जर्नलला काय सांगू? कुणी, कधी, का? ते नसेल तर लोक म्हणणार, लेकीने बापाला वाचवायला गोष्ट रचली."

ते खरंच होतं. उद्या गुरुवार.

"कधी, एवढं आधी काढू," सुरुची म्हणाली. "मशीन चालू झालं त्या दिवसाचे फोटो आहेत का कुणाकडे?"

"फोटो?" दारात उभा असलेला अर्णव म्हणाला. "रोजचे आहेत."

४

मिलच्या आवारात कापूस उरला नव्हता, भोंगा उरला नव्हता, पण खंडेनवमीची यंत्रपूजा गुणाजींनी सोडली नव्हती. अर्णवच्या फोनमध्ये ती होती: काचेच्या खांबाला झेंडूची माळ, समोर नारळ, पेढे, आणि टाकीच्या झाकणावर, बरोबर कडेशी, दोन बोटं उमटलेली. एक हळदीचं, एक कुंकवाचं. पिवळं आणि लाल. वेळ सकाळी अकरा.

"टाकी मी आदल्या दिवशीच भरली होती," अर्णव म्हणाला. "झाकण आवळून कोरडं पुसलं. पूजा झाली, मधुराताईंनी बटण दाबलं. त्यानंतर एकवीस दिवस झाकणाला कुणी हात लावला नाही."

"दुसऱ्या दिवशीचा दाखव."

दसऱ्याच्या सकाळी नऊचा फोटो. तापमानाचा काटा दिसावा म्हणून काढलेला. झाकण कोपऱ्यात आलेलं. सुरुचीने तो कोपरा मोठा केला. फोन तिने मधुराच्या हातात दिला.

"किती बोटं आहेत?"

"दोन."

"रंग?"

मधुराने पाहिलं. "लाल. दोन्ही लाल."

कुंकू लावलेल्या ठिकाणी लाल दिसलं तर कोण दुसऱ्यांदा बघतं? तो डाग झाकणावर अजून होता. रोज तिघंही त्याच्यासमोरून जात होती, देवाचं म्हणून पुसायचं कुणी धाडस केलं नव्हतं, आणि दोन्ही बोटं कुंकवाचीच असणार असं धरून चालली होती.

"हळदीत चुना कालवला की ती लाल होते, हे आपल्यातल्या प्रत्येकाने लहानपणी पाहिलंय," सुरुची म्हणाली. "चुन्याच्या जागी तुमचा सॉल्व्हंट. तोही त्याच जातीचा, अल्कलीचा. झाकण उघडलं, आतून ओलं होतं, कडेने ओघळ आला, हळदीला लागला. म्हणजे नवमीला अकरानंतर आणि दसऱ्याला नऊच्या आधी कुणीतरी झाकण उघडलं. बाबा त्याच्या महिनाभर आधीच गेलेले होते."

अर्णव एकदम म्हणाला, "दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा मी अर्धा तास इथे एकटा होतो."

"चारला मी," मधुरा म्हणाली. "गुणाजीकाका सातपर्यंत."

"असू दे. आता असं बघा. समजा, मला हे बिघडवायचंय आणि मला रसायन येतं. मी काय टाकेन?"

"मोरचूद," अर्णवने क्षणात उत्तर दिलं. "तांब्याचंच. चमचाभर. दोन मिनिटांत विरघळतो, मागे काही राहत नाही."

"मग पट्टीवर काय दिसलं असतं?"

तो थांबला. "पहिल्या दिवशी पूजा झाल्याझाल्या थेंब घेतला, तो स्वच्छ. दुसऱ्याच दिवशी कड एकदम ठळक आली असती. आणि पुढे तेवढीच राहिली असती."

"आणि तुझ्या पट्टीवर रोज जाड होत गेलीय. थोडं थोडं, दिवसागणिक. म्हणजे विरघळलेलं तांबं कुणी ओतलं नाही. तांब्याची एखादी वस्तू आत पडून होती आणि झिजत होती. तुम्हा दोघांना माहीत आहे असं करणं किती वेडेपणाचं. टाकी उघडली की ती सापडणार. बिघडवणारा माणूस असा पुरावा आत ठेवून घरी जात नाही. ज्याला हे बिघडेल असं वाटलंच नाही, असा माणूसच तो ठेवतो."

"पण सापडली नाही ना!" मधुरा म्हणाली. "टाकी रिकामी झाली, धुतली, कुणी काही बोललं नाही."

सुरुचीने अर्णवकडे पाहिलं. प्रश्न विचारायची तिला आता इच्छा नव्हती.

"टाकी कुणी धुतली?"

"मी दिवाळीला घरी होतो. मधुराताई पुण्याला." त्याचा आवाज खाली गेला. "गुणाजीकाकांनी. एकट्यांनी."

आतल्या खोलीत कपबशा विसळल्याचा आवाज येत होता. तो थांबला. थोड्या वेळाने बाहेरचं दार हलकेच लागलं.

५

गुरुवारी गुणाजी कामावर आले नाहीत. दुपारी सुरुची लालबागला गेली. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीत पापड वाळत घातलेले, आणि दारात गुणाजींच्या बायको, सुभद्राकाकू, उभ्या.

"ये गो बाय. कालपासून जेवूक नाय. विचारलं तर म्हणतात पोटात दुखता. पोटात दुखता तर डोळे कशाक पुसतास, म्हटलं मी."

गुणाजी पलंगाच्या कडेला बसले होते. सुरुची खाली चटईवर बसली. काकूंनी चहा आणला, ठेवला आणि त्या गॅलरीत पापडांकडे गेल्या; पण दारापासून लांब गेल्या नाहीत.

"काका, टाकीत काय होतं?"

त्यांनी वाद घातला नाही. उठून देव्हाऱ्यापाशी गेले आणि तळहातावर काहीतरी घेऊन आले. भोकाचा पैसा. जुना, तांब्याचा. एरवी असा पैसा काळपट असतो. हा नव्यासारखा गुलाबी होता आणि कडेने पानासारखा पातळ.

"माझ्या बापाचा," ते म्हणाले. "साचेखात्यात नवा साचा लागला की तो तेलाच्या कुंडीत हा पैसा सोडायचा. दिवसभर. संध्याकाळी काढून घ्यायचा. म्हणायचा, साचा आपला झाला. मीपण आयुष्यभर तेच केलं. नवं मशीन आलं की सोडायचा."

"बाबांच्या वेळीही?"

"सरांना विचारलं होतं ना. एप्रिलमध्ये, पहिल्यांदा चालू केलं तेव्हा. सर हसले नाहीत. आधी पैसा हातात घेऊन बघितला, कुठल्या सालचा, कुणाचा. मग म्हणाले, गुणाजी, आत नको, बाहेरून लाव. टाकीला तेवढाही पुरतो. नि त्यांनी स्वतः चिकटपट्टी फाडून दिली."

"का नको, ते नाही सांगितलं?"

"नाही. मला वाटलं, सायबांची शिस्त. वाईट नको वाटायला म्हणून बाहेर लावू देतात."

बाबा सुरुचीला अगदी समोर दिसले: पैसा उजेडात धरून पाहणारे, आणि कारण सांगितलं तर या माणसाच्या बापाची श्रद्धा खोटी पाडल्यासारखं होईल म्हणून ते गिळून टाकणारे.

"सर गेले," गुणाजी म्हणाले. "नवमीला मशीन चालू झालं, तर त्यांच्या जागेवर कुणीच नाही. मला वाटलं, ते होते तेव्हा बाहेरून पुरलं. आता नाहीत, आता आतच असायला हवा. संध्याकाळी सगळे गेल्यावर झाकण उघडलं नि सोडला. नेहमीसारखा दिवसभराने काढायला हवा होता. म्हटलं राहू दे, सरांचं नाव आहे, पुरे हजार तास राहू दे."

"आणि टाकी धुताना?"

"हाताला लागला तेव्हाच कळलं. पाण्याने पैसा खाल्लेला. मग पैशाने पाण्याला काय केलं असेल? मॅडमच्या दारापर्यंत दोनदा गेलो, ताई. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा आत बोलणं चाललं होतं, सरांनी खोटं लिहिलं म्हणून. पाय उचलेना. ज्याला खांदा दिला त्याच्याच..." त्यांनी डोळे वर केले आणि शंभर दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. "मला शिकलेलं नाय कळत. तुम्ही खरं सांगा. पैशामुळे झालं का? की दुसरं काय होतं?"

दारातली सावली स्थिर झाली. काकू ऐकत होत्या.

नाही म्हणणं किती सोपं होतं. दुसरीही कारणं असतील काका, एवढं म्हटलं की हा माणूस आज जेवेल. बाबा तेच म्हणाले असते. त्यांनी आयुष्यभर तेच केलं होतं. पैसा बाहेरून लावू दिला होता, फाइल शर्टांखाली ठेवली होती, समोरच्याला दुखू नये म्हणून कारण तेवढं आपल्याजवळ ठेवलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त एक दिवस ते नसले की मागे राहिलेल्याने अंधारात चाचपडायचं.

"हो काका," सुरुची म्हणाली. "पैशामुळेच झालं. तुम्ही टाकलात म्हणून झालं."

त्यांनी मान खाली घातली. तिने हात पुढे करून त्यांच्या तळहातावरचा पैसा उचलला नाही. तळहातच आपल्या दोन्ही हातांत धरला. आणि मग तिने त्यांना सगळं सांगितलं, वगळता आलं असतं तेही. तांब्याचा कण सॉल्व्हंटमध्ये कसा सुटतो, ऑक्सिजनला तो कसा हात देतो, स्टीलला का काही होत नाही, तेलात पैसा का निर्धोक होता. गुणाजींनी मध्ये दोनदा अडवून विचारलं. एकदा तर तिलाच उत्तर येईना, तिने अर्णवला फोन लावला आणि अर्णवने पंधरा मिनिटं, एकदाही आवाज न चढवता, समजावलं.

फोन ठेवल्यावर गुणाजी उठले. खुंटीवरचा शर्ट अंगात घातला.

"कुठे?" काकूंनी दारातून विचारलं.

"मॅडमकडे. आजच. उद्यावर टाकलं तर पुन्हा पाय उचलायचा नाय."

"थांबा. दोन घास खावा आधी," काकू म्हणाल्या. "खरं बोलूक पण अंगात ताकद लागता."

६

मधुराने शुक्रवारी जर्नलला पत्र पाठवलं, पण वेगळं. फेरचाचणीत बाहेरून तांबं मिसळलं. निकाल ग्राह्य धरू नये. चाचणी नव्याने सुरू करत आहोत. सोबत पट्टीचे फोटो, झाकणाचे फोटो आणि गुणाजी पालव यांचा स्वतःच्या अक्षरातला जबाब. जबाब लिहिताना मधुराने एकदा सुचवलं होतं की नाव घालायची गरज नाही, "प्रयोगशाळेतील कर्मचारी" चालेल. गुणाजी म्हणाले, इथे माणसं तीनच आहेत, मग उरलेल्या दोघांकडे लोक बघत बसतील.

नवी चाचणी जानेवारीत सुरू झाली आणि फेब्रुवारीच्या शेवटी हजार तास भरले. सत्तावीस नंबर थकला नाही. पेपर राहिला, त्यावरचं पहिलं नावही राहिलं. अर्णवने सुरुचीला आकडे वाचून दाखवले तेव्हा ती ग्रंथालयात होती. तिने या वेळी मुद्दाम स्पीकर लावला.

गुणाजींच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांनी तिला बोलावलं. केक होता, शाल होती, सुभद्राकाकूंनी खापरोळ्या आणल्या होत्या. पण गुणाजींना भाषण करायचं नव्हतं. त्यांना एक पाटी लावायची होती. पत्र्याची, हाताने रंगवलेली. ती त्यांनी टाकीच्या वर भिंतीला टेकवून धरली आणि सगळ्यांनी वाचली:

*टाकीत तांबे, पितळ, पैसा टाकू नये. टाकल्यास तांबे आत सुटते आणि त्याच्या जोरावर धुरातला ऑक्सिजन आतले औषध नासवतो. पूजा बाहेरून करावी. मी टाकला होता. — गुणाजी पालव*

"औषध नाही काका, सॉल्व्हंट," अर्णव म्हणाला.

"तू वाचून समजलास ना? मग झालं."

मधुराने घसा साफ केला. "काका, पाटी छान आहे. फक्त ते शेवटचं वाक्य काढू या का? तुम्ही उद्या नसणार इथे. नवीन मुलं येतील, हसतील. तुमची आठवण अशी कशाला?"

"हसतील तर हसू देत. हसायला थांबतील तरी." गुणाजी ठाम होते. "करू नये, करू नये अशा पाट्या गावभर लागल्यात, मॅडम. कोण बघतो? कुणीतरी केलंन नि काय झालं ते लिहिलं असलं की माणूस उभा राहतो. ताई, तुमचं पुस्तकांचं काम. तुम्हीच सांगा, वाक्य ठेवायचं की काढायचं?"

सगळे सुरुचीकडे बघू लागले.

तिने पाटी पुन्हा एकदा वाचली, पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत. मग टेबलावरचा स्क्रू ड्रायव्हर उचलला, गुणाजींना पाटी जरा वर, डाव्या हाताला घ्यायला सांगितली आणि पहिला स्क्रू घट्ट पिळला.